बँडवाल्यांच्या घरचा कॅमेरा

आत्याचे लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमले, त्या वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी चावीचा सिनेमा-कॅमेरा आहे. माझ्या कुशीला एक चावी आहे. ती गच्च फिरवली की मी अर्धा मिनिट घरघरतो आणि मग थांबतो. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. मनगटात जोर असलेला माणूस मात्र लागतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एकाच छपराखाली दुर्बिणी आणि घड्याळे बनत. माझी भिंगे दुर्बिणवाल्यांकडून आली आणि पोटातली स्प्रिंग घड्याळवाल्यांकडून. पहिली काही वर्षे मी बातम्यांचे सिनेमे काढणाऱ्या एका गृहस्थांकडे नोकरी केली. त्यांनी मला पूर दाखवले, पूल दाखवले आणि फिती कापणारे पुढारी दाखवले. पुढाऱ्यांची भाषणे अर्ध्या मिनिटात संपत नसत. त्यामुळे मी एकही भाषण पुरते पाहिलेले नाही. माझे त्यावाचून काही अडले नाही.

त्या गृहस्थांचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडले. त्यांच्या निरोपाला बँड वाजला. बँडमास्तरांनी मोबदला घेतला नाही, तेव्हा गृहस्थांनी मलाच त्यांच्या हातात ठेवले. म्हणाले, "घरात लग्न आहे ना? घ्या. उपयोगी पडेल."

असा मी सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आलो. त्या घरात खुर्च्या कमी आणि वाद्ये जास्त होती. भिंतीवर ट्रंपेट टांगलेले, दाराआड झांजा, आणि मोठ्या ढोलाच्या खोक्यावर पाहुण्यांना बसवायची पद्धत. खिडकीपाशी आईचे शिवणयंत्र होते. सगळ्या बँडचे गणवेश ती शिवत असे. मास्तर क्लॅरिनेट वाजवत. त्यांची थोरली मुलगी तेव्हा शाळेत होती. धाकटे भाऊ तिला ताई म्हणत, म्हणून सगळा बँडही ताईच म्हणू लागला. मला हातात घ्यायला मास्तरांना वेळ नव्हता, कारण बहिणीच्या लग्नात तेच वाजवणार होते. तेव्हा मी ताईच्या वाट्याला आलो.

लग्नात तिने मला जिवापाड सांभाळले. आत्या टिपली, नवरदेव टिपला, व्याही टिपले, टेबलाखाली हाडूक चघळणारे कुत्रे टिपले. पुढे एका संध्याकाळी घरातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला. बँडचे सगळे वादक भांग पाडून, गणवेश चढवून आले. जणू आज पुन्हा वाजवायचेच होते.

याचे कारण तुम्हांला सांगायला हवे. मित्रांनो, लग्नाच्या फोटोत सगळे असतात. रुसलेले काका असतात, ओळख नसलेले शेजारी असतात. बँड मात्र नसतो. फोटोवाला बँडकडे नेहमी पाठ करून उभा राहतो. गावातल्या निम्म्या लग्नांत वाजवलेल्या या माणसांनी स्वतःला वाजवताना एकदाही पाहिले नव्हते.

चादरीवर आत्या हसली, नवरदेव शिंकला. मग रस्त्याच्या वळणावरून बँड आला. खोलीत कुणी श्वास घेईना. पडद्यावरच्या मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावले, आणि चादर पांढरी झाली. ऐन वेळी माझी चावी संपली होती. ती पुन्हा भरायची असते हे ताईच्या गडबडीत राहून गेले होते.

"घास तोंडाशी आणला आणि ताटच उचललंस की गं!" ढोलवाले काका म्हणाले.

सगळे हसले. ताईचा चेहरा मात्र एवढासा झाला. ती म्हणाली, "काका, मी तुमचा अख्खा सिनेमा काढीन. मोठ्या पडद्यावर."

"काढ बाई. फक्त आम्ही हयात असेपर्यंत काढ म्हणजे झालं."

"आणि माझ्या लग्नात मी अर्धा मिनिटच का गं?" आत्या मागून म्हणाली. हा टोमणा तिने पुढे जन्मभर पुरवून वापरला.

काकांना दिलेला शब्द ताईच्या मनात रुतून बसला. ती मला चालवायला शिकली आणि बापाकडून वाजवायला शिकली. बँडमधला पिकोलोवाला नोकरी मिळाली म्हणून निघून गेला, तेव्हा ती जागा तिने घेतली. पिकोलो म्हणजे वीतभर लांबीची बासरी. सगळा बँड गर्जत असला तरी तिचा आवाज वरून पाखरासारखा निघून जातो. मुलगी बँडमध्ये पाहून एका यजमानांनी नाक मुरडले. मास्तर म्हणाले, "कोण वाजवतंय ते बघू नका. ऐका."

वाजवून मिळेल त्यातून ती रीळ आणी. आईने बँडच्या जुन्या काळ्या कोटाची एक पिशवी शिवून दिली. कोटाच्या बाह्या तशाच ठेवल्या होत्या. माझ्या पोटात रीळ अडकली की, उजेड लागून ती वाया जाऊ नये म्हणून, ताई मला त्या पिशवीत घाली, बाह्यांतून हात आत सारी आणि अंधारातच गाठ सोडवी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, ही बाई एखाद्या बुटक्या माणसाला गुदगुल्या करते आहे.

आम्ही लहान लहान सिनेमे काढू लागलो. एक लॉन्ड्रीतल्या बायकांवर काढला. एक अग्निशामक दलावर काढला, आग नसताना ते लोक काय करतात यावर. ते बटाटे सोलतात, पत्ते खेळतात आणि कोण जास्त घोरतो यावर भांडतात. कुठल्या कंपनीचे पैसे नव्हते, कुठला साहेब नव्हता. चित्र ताईचे, संगीत ताईचे, आणि कात्री स्वयंपाकघरातली. फिल्मचे तुकडे ती वाळत घातलेल्या गणवेशांशेजारी दोरीवर चिमट्यांनी टांगून ठेवी. एकदा धाकट्या भावाने विजारीबरोबर अग्निशामक दलाचा बंबही घडी घालून कपाटात ठेवला.

माझे मोठे वैगुण्य म्हणजे माझा आवाज. मी चालू झालो की शेजारच्या खोलीतही कळे. ताईला त्याची चिंता होती. एके दिवशी मास्तरांनी मला कानाशी धरले, डोळे मिटले आणि क्लॅरिनेटवर एक स्वर धरला.

"अगं, हा काळी दोनच्या पट्टीत गातोय," ते म्हणाले. "शेवटी शेवटी जरा उतरतो. पण आपला ट्रंपेटवाला तरी कुठे टिकतो?"

त्या दिवसापासून ताई आपल्या सिनेमांचे सगळे संगीत काळी दोनमध्येच बांधू लागली. माझी घरघर त्या सुरात अशी मिसळून जाई, की ती ऐकू आली तरी कुणाला खटकत नसे. एखाद्याच्या दोषाला एवढा मान कधी कुणी दिला असेल असे मला वाटत नाही.

दिवस बदलले. लग्नांत बँडऐवजी कर्णे आणि तबकड्या वाजू लागल्या. बँडच्या तारखा रिकाम्या जाऊ लागल्या. अशातच ढोलवाले काका एकदा येऊन म्हणाले, "मुलाने बोलावलंय. येत्या सोमवारी निघतो. आता तिकडेच राहायचं."

ताईने हातातला चहा खाली ठेवला. "मग रविवारी सिनेमा," ती म्हणाली.

रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर सगळा बँड उभा राहिला. आईने प्रत्येकाची बटणे नव्याने घट्ट केली होती. आवाज धरायला रेडिओवर काम करणारा एक तरुण आपले टेपचे यंत्र घेऊन आला. सगळे त्याला रेडिओवाला म्हणत. ताईने माझी चावी भरून मला चालवून पाहिले, तसे त्याने कानावरचे हेडफोन काढले.

"हा कॅमेरा आहे की पिठाची गिरणी?"

"अहो, सुरात आहे तो," मास्तर म्हणाले.

"सुरात असेल हो, पण टेपवर मला बँड हवाय. याला काहीतरी गुंडाळा."

आत्याने खांद्यावरची लोकरीची शाल काढली. "घ्या. माझ्या लग्नात मी दिसले नाही, निदान माझी शाल तरी कामी येऊ दे." मला बाळासारखे गुंडाळून पिना टोचल्या. फक्त डोळा आणि चावी बाहेर.

मित्रांनो, ताईची एक सवय होती. रीळ बदलताना ती माझे दार उघडून, जिथून फिल्म सरकते त्या फटीत फुंकर मारी आणि निरखून पाही. त्या दिवशी ऊन उतरत चालले होते आणि पिना बऱ्याच होत्या. तिने शालीखालून हात घालूनच पहिली रीळ भरली आणि पुढच्याही बदलल्या. फुंकर राहिली. मला आत काहीतरी टोचत होते, पण मला बोलता कुठे येते?

बँड असा वाजला, की बागेतले माळीही पाण्याची नळी हातात धरून उभे राहिले. पायाशी तळे झाले तरी त्यांना कळले नाही. सोमवारी काका गेले.

फिल्म धुऊन आली. पुन्हा चादर ताणली. पहिलेच चित्र आले आणि ताईने तोंडावर हात ठेवला. चित्राच्या वरच्या कोपऱ्यातून शालीचा एक धागा खाली लोंबत होता. खरा तो केसाएवढा, पण पडद्यावर काठीएवढा, काळा, वाकडा, थरथरणारा. एक रीळ संपली, दुसरी लावली. तिच्यातही तो होता. सगळ्या रिळांत होता.

पुन्हा काढायचे म्हटले तर ढोल परगावी गेलेला. ट्रंपेटवाल्याने तर त्याच आठवड्यात पुढचे दात काढून घेतले होते. चित्रपटगृहाच्या मालकांनी एका रविवारची सकाळ ताईला देऊन ठेवली होती आणि दारावर पाटीही लावली होती. ताई ढोलाच्या खोक्यावर बसून रडू लागली. "एवढं एक काम करायचं होतं मला, बाबा. एवढं एकच."

मास्तरांनी रीळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. चष्मा पुसून चादरीजवळ जाऊन पाहिले. मग म्हणाले, "हा नवा वादक कुठून आणलास? उत्साही दिसतो. याला गणवेश कोण शिवणार?"

"मी नाही बाई," यंत्रापाशी बसलेली आई म्हणाली. "मापाला एक क्षण उभा राहत नाही मेला."

ताईला रडता रडता हसू आले. आणि हसता हसता तिने डोळे पुसून नीट पाहिले. मी चालू होताना मला एक झटका बसतो. त्या झटक्याने प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो धागा टुणकन उडी मारत होता. आणि तुकडे जोडायचे होते ते तालावरच. म्हणजे धागा तालावरच नाचणार होता. ती उठली, भिंतीवरचा पिकोलो काढला, रेडिओवाल्याच्या टेपवर बँड लावला, आणि धाग्याने उडी मारली की वरून एक शीळ टाकली. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा! हा तर पक्का गडी निघाला."

तेव्हापासून घरात दुसरे काम झाले नाही. तुकडे जोडले, सोडवले, पुन्हा जोडले. धागा कुठे रुसून कोपऱ्यात बसला तर ताईने त्याच्यासाठी उदास सूर धरला, कुठे तो वेड्यासारखा झटके देऊ लागला तर तिची बोटे त्याच्यामागे धावली. रेडिओवाला टेप चालवायला रोज येऊ लागला. टेप चालवण्याचे काम आईनेही केले असते, पण तसे त्याला कुणी सुचवले नाही.

ठरलेल्या रविवारी चित्रपटगृह भरले. ढोलवाले काका मुलाला घेऊन आले होते. बापाचे वाजवणे मुलाने लहानपणापासून ऐकले होते, पण लग्नाच्या गर्दीत कधी धड पाहिले नव्हते. ताई पडद्याच्या कडेला पिकोलो घेऊन उभी राहिली. मी आत्याच्या मांडीवर होतो.

दिवे गेले. बँड आला. कोपऱ्यातून धागा उतरला आणि लोकांत कुजबुज झाली. त्याने उडी मारली आणि शीळ आली. एक पोर खिदळले. दुसरी उडी, दुसरी शीळ. मग सगळे सभागृह हसू लागले आणि त्या धाग्याची वाट पाहू लागले.

"मधेमधे करतोय तो कोण?" काका अंधारात मोठ्याने म्हणाले. "माझ्या पोटापुढून बाजूला हो म्हणावं त्याला!"

हशा संपतो न संपतो तोच पडद्यावर काकांचे हात आले. फक्त हात आणि ढोल. जाड बोटे, फुगलेल्या शिरा, आणि टिपरू टेकण्यापूर्वीची ती किंचितशी वाट पाहणारी मनगटे. तिथे धागा अगदी गप्प लोंबत होता, आणि ताईने पिकोलो खाली केला होता.

काकांचा आवाज बदलला. "मी असा वाजवतो?" त्यांनी मुलाला विचारले.

"हो, बाबा," मुलगा म्हणाला. "अस्संच."

ट्रंपेटवाला, झांजवाला, सगळे पुढे झुकून स्वतःला पाहत होते. मास्तर पडद्याकडे पाहतच नव्हते. ते खुर्चीत उलटे वळून आपल्या माणसांची तोंडे पाहत होते. दिवे लागले तेव्हा लोकांनी तो सिनेमा पुन्हा लावायला लावला, आणि ताईला पुन्हा वाजवायला लावले.

त्या दिवसापासून ताईचा खरा व्यवसाय सुरू झाला. सिनेमाला मागण्या येऊ लागल्या, पण सिनेमा एकटा पाठवता येईना. पिकोलो टेपवर नव्हता, तो ताईच्या ओठांवर होता. म्हणून सिनेमाबरोबर ताई गेली, ताईबरोबर मी, आणि टेप सांभाळायला रेडिओवाला. लोक तिला पिकोलोबाई म्हणू लागले. शाळांत, गोदींत, रुग्णालयांच्या मोठ्या खोल्यांत आम्ही चादरी ताणल्या. एका मोठ्या कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, "सिनेमा आम्ही घेतो. चित्र जरा मोठं करून तो धागा तेवढा बाहेर काढू."

ताई म्हणाली, "साहेब, त्याला काढायचं तर सगळा बँडच काढावा लागेल. ते एकत्र आलेत."

साहेब गेले. रेडिओवाला मात्र राहिला, तो कायमचाच. त्याच्या आणि ताईच्या लग्नात आत्याने मला हिसकावून घेतले. "हा सिनेमा मी काढणार." तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बँड टिपला. नवरा-नवरी एका कोपऱ्यात ओझरती दिसतात, तीही खांद्यापासून खाली.

ताईने पुढे पुष्कळ सिनेमे काढले. प्रत्येक सिनेमाच्या संगीतात ती थोडी जागा रिकामी ठेवी आणि ती सभागृहात उभी राहून भरी. तिला ढाली मिळाल्या, शाली मिळाल्या. शालींना तिने माझ्याजवळ फिरकू दिले नाही.

मग विजेवर चालणारे, न कुरकुरणारे छोटे कॅमेरे आले. दुकानांत माझ्या मापाची रीळ मिळेनाशी झाली, फिल्म धुणाऱ्यांनी दारे लावून घेतली. मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे माझी कुणावर तक्रार नव्हती. एकच त्रास होता. मला भरल्या चावीने ठेवले होते. पोटात जोर गच्च आवळलेला आणि कळ दाबायला कुणी नाही. वर्षांमागून वर्षे मी तसाच दम धरून बसलो.

शेवटी एकदा छत्री शोधायला ताई स्टुलावर चढली. केस पांढरे झाले होते. छत्री राहिली आणि मी हाती आलो. तिने धूळ पुसली, कळ दाबली. मी जेमतेम चार घरघरी दिल्या.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "अजून काळी दोनमध्येच आहे हो! जरा उतरलाय."

"मग तुझ्यासारखाच झाला म्हणायचा," आतून रेडिओवाला म्हणाला.

एका घड्याळजीने माझी स्प्रिंग बदलली. परदेशातून थोडी रीळ येते, ती जपून वापरतो. परवाच आम्ही अग्निशामक दलात जाऊन आलो. माणसे नवी आहेत. घोरण्यावरून भांडण तेच आहे.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी यंत्रे तुमच्या घरात असतील तर दोन गोष्टी करा. वापरण्यापूर्वी एक फुंकर मारा. घाई कितीही असो. आणि ठेवून द्यायचे असेल तर भरलेली चावी मोकळी करून मग ठेवा. आणखी एक सांगतो. तुमच्या घरच्या समारंभात जी माणसे वाजवतात, वाढतात, दिवे लावतात, त्यांच्याकडे कॅमेरा एकदा तरी वळवा, आणि काढलेले चित्र त्यांना नेऊन दाखवा. ती हयात असताना दाखवा.

ढोलवाले काका चित्रपटगृहातल्या त्या रविवारनंतरच्या उन्हाळ्यात मुलाच्या घरी वारले. ट्रंपेटवाले आणि झांजवाले एकाच हिवाळ्यात गेले. बँडमास्तर वारले ते ताईची मुलगी पहिली पावले टाकू लागली त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, सकाळी चहा पुरता पिऊन झाल्यावर.